वेर्नर फोर्समान

वेर्नर थिओडोर ओटो फोर्समान (जन्म : बर्लिन, २९ ऑगस्ट १९०४; मृत्यू : शोपफहाइम, १ जून १९७९) हे जर्मन शल्यचिकित्सक व मूत्ररोगतज्ज्ञ होते. जिवंत माणसाच्या हृदयापर्यंत शिरेतून नळी नेता येते आणि ती तेथे पोहोचल्याचे क्ष-किरण चित्राने दाखवता येते, हे त्यांनी १९२९ मध्ये स्वतःच्या शरीरावर प्रयोग करून सिद्ध केले. हृदयाच्या कॅथेटर तपासणीची सुरुवात या प्रयोगापासून मानली जाते. या कार्यासाठी त्यांना १९५६ चे शरीरक्रियाविज्ञान किंवा वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक आंद्रे कुर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांच्यासह विभागून देण्यात आले. हृदयाची आतून पाहणी करण्याची जी परंपरा पुढे धमनीचित्रण आणि चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रण (एमआरआय) येथपर्यंत पोहोचली, तिच्या आरंभीच्या टप्प्यावर फोर्समान यांचे नाव येते.

प्रारंभिक जीवन आणि शिक्षण

फोर्समान यांचा जन्म बर्लिन येथे एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांचे वडील युलियुस फोर्समान हे कायदेतज्ज्ञ होते. पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, ते रणांगणावर मारले गेले. त्या वेळी वेर्नर अवघ्या बारा वर्षांचे होते. त्यानंतर आई एमी यांनी त्यांना वाढवले. बर्लिनमधील अस्कानिशेस गिम्नाझियम या शाळेत त्यांचे शालेय शिक्षण झाले.

१९२२ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. तेथे गेओर्ग क्लेम्पेरर यांच्याकडे त्यांनी रुग्णचिकित्सेचे आणि रुडोल्फ फिक यांच्याकडे शरीररचनेचे शिक्षण घेतले. १९२९ मध्ये शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणासाठी ते बर्लिनच्या ईशान्येस असलेल्या एबर्सवाल्डे या लहान गावातील आउगुस्टे-व्हिक्टोरिया रुग्णालयात रुजू झाले. रिखार्ड श्नायडर हे तेथील प्रमुख शल्यचिकित्सक होते.

प्रयोगाची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या आरंभी हृदयाची तपासणी ही बाहेरूनच करण्याची गोष्ट होती. नाडी, स्टेथोस्कोपने ऐकू येणारे ध्वनी, विद्युत्-हृदयालेख आणि छातीचे क्ष-किरण चित्र एवढीच साधने वैद्यांच्या हाती होती. क्ष-किरण चित्रात हृदयाची बाह्यरेषा तेवढी दिसे. आतील कप्पे, झडपा आणि त्यांतून वाहणारे रक्त यांविषयी अनुमानच करावे लागे. खरी स्थिती बहुधा शवविच्छेदनातच उघड होई. हृदयाच्या आतील भागाला बाहेरच्या वस्तूचा स्पर्श झाला तर त्याची लय बिघडून तत्काळ मृत्यू ओढवेल, अशी सार्वत्रिक भीती होती.

प्राण्यांवर मात्र असे प्रयोग पूर्वी झाले होते. फ्रेंच शास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी १८४४ मध्ये घोड्याच्या हृदयात नळी घातली होती. ओग्युस्त शोव्हो आणि एत्यें-ज्यूल मारे यांनी १८६१ मध्ये घोड्याच्या मानेतील शिरेतून हृदयात नळी नेऊन आतील दाब मोजला होता. या प्रयोगाच्या चित्राने विद्यार्थिदशेतील फोर्समान यांच्या मनात घर केले होते. घोड्याला जे अपायकारक ठरले नाही, ते माणसालाही ठरू नये, असा त्यांचा तर्क होता.

त्यांच्यापुढे एक व्यावहारिक प्रश्नही होता. हृदय बंद पडू लागलेल्या रुग्णाला त्या काळी छातीतून सुई खुपसून थेट हृदयात औषध देत असत. यात हृदयाला पोषण देणाऱ्या धमनीला किंवा फुप्फुसाला इजा होण्याचा धोका असे, शिवाय हृदयाभोवती रक्त साचू शके. कोपराच्या खळगीतील शिरेतून नळी वर सरकवली, तर ती रक्तप्रवाहाच्या दिशेनेच उजव्या अलिंदात पोहोचेल आणि औषध सुरक्षितपणे देता येईल, अशी फोर्समान यांची कल्पना होती. त्यांनी प्रथम मृतदेहांवर हा मार्ग पडताळून पाहिला. नळी फारसा अडथळा न येता हृदयात पोहोचत असल्याचे त्यांना आढळले.

१९२९ चा आत्मप्रयोग

फोर्समान यांनी हा प्रयोग माणसावर करण्याची परवानगी श्नायडर यांच्याकडे मागितली. श्नायडर यांनी ती नाकारली. स्वतःवर प्रयोग करण्याची विनंतीही मान्य झाली नाही. त्यानंतर फोर्समान यांनी एका सहकाऱ्याच्या मदतीने गुपचूप प्रयत्न केला. नळी सुमारे ३५ सेंटिमीटर आत गेल्यावर सहकाऱ्याला धोका वाटू लागला आणि प्रयोग तेथेच थांबवावा लागला.

१९२९ च्या उन्हाळ्यात, या प्रयत्नानंतर सुमारे आठवड्याभराने, त्यांनी पुन्हा प्रयोग केला. निर्जंतुक उपकरणे मिळवण्यासाठी शस्त्रक्रियागृहातील परिचारिका गेर्डा डित्सेन यांचे सहकार्य आवश्यक होते. फोर्समान यांनी पुढे आत्मचरित्रात सांगितल्याप्रमाणे, डित्सेन स्वतःवर प्रयोग करून घेण्यास तयार झाल्या. फोर्समान यांनी त्यांना शस्त्रक्रियेच्या टेबलावर पट्ट्यांनी बांधले आणि त्यांच्या हातावर तयारी करत असल्याचे भासवले. प्रत्यक्षात त्यांनी स्वतःच्या डाव्या कोपरापाशी भूल देऊन शीर उघडली आणि तीत मूत्रवाहिनीसाठी वापरली जाणारी लवचीक नळी सरकवली. ही गोष्ट डित्सेन यांच्या लक्षात आली तोवर नळी बरीच आत गेली होती.

नळी हृदयात पोहोचली आहे, याचा पुरावा क्ष-किरण चित्राविना मिळणार नव्हता. फोर्समान नळी शिरेत तशीच ठेवून डित्सेन यांच्यासह जिना उतरून क्ष-किरण विभागात चालत गेले. तेथे पडद्यासमोर धरलेल्या आरशात पाहत त्यांनी नळी ६५ सेंटिमीटरपर्यंत पुढे सरकवली. तिचे टोक उजव्या अलिंदात आलेले दिसताच त्यांनी क्ष-किरण चित्र काढून घेतले. आत्मचरित्रातील कथनानुसार, याच वेळी धावत आलेल्या सहकाऱ्याने नळी ओढून काढण्याचा प्रयत्न केला आणि फोर्समान यांना त्याला बळाने दूर ठेवावे लागले. प्रयोगाच्या वेळी आणि नंतरही त्यांना गंभीर त्रास झाला नाही.

श्नायडर आरंभी संतापले. मात्र चित्र पाहिल्यावर या कामाचे महत्त्व त्यांनी ओळखले. पुढे एका मरणासन्न स्त्रीवर ही पद्धत वापरण्यास त्यांनी संमती दिली. पोटातील आवरणाच्या पूयुक्त दाहाने ग्रस्त असलेल्या या रुग्णेला नळीद्वारे थेट हृदयात औषध देण्यात आले. तिच्या प्रकृतीत थोडा वेळ सुधारणा दिसली, परंतु तिचा मृत्यू टळला नाही.

प्रकाशन आणि प्रतिक्रिया

फोर्समान यांचा शोधनिबंध नोव्हेंबर १९२९ मध्ये ‘क्लिनिशे वोखेनश्रिफ्ट’ या जर्मन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात उजव्या हृदयात नळी घालण्याची पद्धत आणि क्ष-किरण चित्र दिलेले होते. औषध देण्याच्या उपयोगाबरोबरच हृदयाचे कार्य व रक्ताभिसरण यांच्या अभ्यासासाठीही ही पद्धत वापरता येईल, असे त्यांनी सुचवले होते.

निबंध प्रसिद्ध होताच वाद उद्भवला. बर्लिनचे शल्यचिकित्सक एर्न्स्ट उंगर यांनी असा दावा केला की, आपण आणि फ्रिट्स ब्लायखर्योडर यांनी १९१२ च्या सुमारासच माणसाच्या शिरांतून अशा नळ्या घातल्या होत्या. मात्र त्या हृदयात पोहोचल्याचे क्ष-किरण चित्र त्यांच्यापाशी नव्हते. वृत्तपत्रांनीही या प्रयोगाला सनसनाटी रूप दिले.

याच काळात फोर्समान बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात ख्यातनाम शल्यचिकित्सक फेर्डिनांड झाउरब्रुख यांच्या विभागात दाखल झाले होते. तेथे त्यांच्या प्रयोगाचे स्वागत झाले नाही. असले काम सर्कशीत शोभेल, प्रतिष्ठित रुग्णालयात नव्हे, असा शेरा झाउरब्रुख यांनी मारल्याचे सांगितले जाते. फोर्समान यांना ती जागा सोडून एबर्सवाल्डेस परतावे लागले.

तरीही त्यांनी संशोधन लगेच सोडले नाही. क्ष-किरणांना अडवणारे द्रव्य नळीतून हृदयात सोडले, तर हृदयाचे कप्पे चित्रात उमटतील, या विचाराने त्यांनी कुत्र्यांवर आणि नंतर पुन्हा स्वतःवर प्रयोग केले. कुत्र्यांच्या हृदयाची चित्रे मिळाली. स्वतःच्या हृदयाचे समाधानकारक चित्र मात्र त्या काळच्या उपकरणांनी मिळू शकले नाही. हे निष्कर्ष त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले.

परदेशात या पद्धतीची दखल लवकर घेतली गेली. प्राग येथील ओटो क्लाइन यांनी १९३० मध्ये हीच नळी वापरून माणसाच्या हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणारे रक्त मोजले. लिस्बन येथे एगास मोनिझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३१ मध्ये याच मार्गाने फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांची चित्रे काढली.

व्यावसायिक जीवन आणि राजकीय सहभाग

१९३२ मध्ये फोर्समान माइन्ट्स येथील रुग्णालयात काम करू लागले. तेथे त्यांची डॉक्टर एल्झबेट एंगेल यांच्याशी ओळख झाली. १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला. या दांपत्याला सहा अपत्ये झाली. त्यांचे एक पुत्र वोल्फ-गेओर्ग फोर्समान यांनी पुढे हृदयाच्या अलिंदातून स्रवणाऱ्या संप्रेरकावर संशोधन केले.

हृदयावरील कामाला वाव न मिळाल्याने फोर्समान मूत्ररोगशास्त्राकडे वळले. बर्लिनच्या रुडोल्फ फिर्शो रुग्णालयात कार्ल हॉइश यांच्या हाताखाली त्यांनी या शाखेचे प्रशिक्षण घेतले. त्यानंतर ड्रेस्डेन-फ्रीडरिखश्टाट येथील रुग्णालयात आणि बर्लिनच्या रोबेर्ट कोख रुग्णालयात त्यांनी वरिष्ठ पदांवर काम केले.

फोर्समान १९३२ मध्ये, म्हणजे हिटलर सत्तेवर येण्यापूर्वीच, नाझी पक्षाचे सदस्य झाले होते आणि १९४५ पर्यंत त्यांचे सदस्यत्व कायम होते. त्यांच्या चरित्रातील हा भाग वादग्रस्त आहे. ज्या वैद्यकव्यवस्थेचे ते सदस्य होते, तिच्यातील काही डॉक्टरांनी छळछावण्यांतील कैद्यांवर त्यांच्या संमतीविना क्रूर प्रयोग केले. फोर्समान यांनी स्वतःचे शरीर धोक्यात घालून केलेला प्रयोग आणि पराधीन माणसांवर लादलेले हे प्रयोग यांतील अंतर वैद्यकीय नीतीच्या चर्चेत वारंवार पुढे येते. मात्र या अंतरामुळे त्यांच्या पक्षसदस्यत्वाचा प्रश्न मिटत नाही.

दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले आणि ते मेजरच्या हुद्द्यापर्यंत पोहोचले. युद्धाच्या अखेरीस ते युद्धकैदी झाले. १९४५ मध्ये सुटका झाल्यावर पूर्वीच्या पक्षसदस्यत्वामुळे त्यांना काही काळ वैद्यकीय व्यवसाय करता आला नाही. या काळात ते कुटुंबासह श्वार्त्सवाल्डच्या डोंगराळ प्रदेशात राहिले. त्यांची पत्नी तेथे वैद्यकीय व्यवसाय करत असे. पुढे त्यांनीही तिच्यासोबत ग्रामीण डॉक्टर म्हणून काम केले. १९५० पासून ते बाट क्रॉइत्स्नाख या गावी मूत्ररोगतज्ज्ञ म्हणून व्यवसाय करू लागले.

कुर्नां व रिचर्ड्स यांचे कार्य

फोर्समान यांच्या पद्धतीचे रूपांतर नित्याच्या तपासणीत झाले ते न्यू यॉर्क येथील बेलव्ह्यू रुग्णालयात. फ्रान्समध्ये जन्मलेले आंद्रे कुर्नां आणि अमेरिकन वैद्य डिकिन्सन रिचर्ड्स हे हृदय, फुप्फुसे आणि रक्ताभिसरण यांचा एकत्रित अभ्यास करत होते. हृदयातून दर मिनिटाला किती रक्त बाहेर पडते, हे मोजण्याचे तत्त्व आडोल्फ फिक यांनी १८७० मध्येच मांडले होते. शरीराने घेतलेल्या प्राणवायूच्या प्रमाणाला धमनी आणि शिरेतील रक्तातल्या प्राणवायूच्या फरकाने भागले की हे उत्तर मिळते. परंतु त्यासाठी सर्व शरीरातून परतलेले, पूर्णपणे मिसळलेले शिरेतील रक्त लागते आणि ते उजव्या हृदयात किंवा फुप्फुस धमनीतच मिळते. फोर्समान यांच्या नळीने ही अडचण दूर केली.

१९४१ पासून कुर्नां व त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीविषयीचे निबंध प्रसिद्ध केले. महायुद्धाच्या काळात त्यांनी जखमांमुळे आघातावस्थेत गेलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. पुढे जन्मजात हृदयदोष, हृदयाचे अकार्यक्षमत्व आणि फुप्फुसांचे जुनाट विकार यांत हृदयातील दाब व रक्तप्रवाह कसा बदलतो, हे त्यांनी दाखवले. हृदयाच्या शस्त्रक्रियेपूर्वी अचूक निदान करणे यामुळे शक्य झाले.

नोबेल पारितोषिक आणि उत्तरायुष्य

१९५४ मध्ये बर्लिनच्या जर्मन विज्ञान अकादमीने फोर्समान यांना लायब्निझ पदक दिले. १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हा एका लहान गावातील या मूत्ररोगतज्ज्ञाचे नाव जर्मनीतही फारसे परिचित नव्हते. मूळ प्रयोगाला त्या वेळी २७ वर्षे लोटली होती. त्याच वर्षी माइन्ट्स येथील योहानेस गुटेनबेर्ग विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापक म्हणून नेमले.

१९५८ मध्ये ते ड्युसेलडोर्फ येथील इव्हँजेलिकल रुग्णालयाच्या शल्यविभागाचे प्रमुख झाले. १९६१ मध्ये अर्जेंटिनातील कोर्डोबा राष्ट्रीय विद्यापीठाने त्यांना मानद प्राध्यापकपद दिले. हृदयाच्या संशोधनाकडे मात्र ते पुन्हा वळले नाहीत. मधल्या काळात हे क्षेत्र फार पुढे निघून गेले होते. १९७० मध्ये ते निवृत्त झाले. १९७२ मध्ये त्यांचे ‘झेल्ब्स्टफेरझूख’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘आत्मप्रयोग’ असा होतो.

१ जून १९७९ रोजी शोपफहाइम येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

वारसा

फोर्समान यांच्या नळीपासून हृदयोपचाराच्या अनेक शाखा निघाल्या. १९५८ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे मेसन सोन्स यांनी हृदयाच्या धमन्यांमध्ये थेट द्रव्य सोडून त्यांचे चित्र मिळवले. १९७० मध्ये टोकाशी फुगा असलेली, रक्तप्रवाहाबरोबर फुप्फुस धमनीत जाणारी स्वान-गान्झ नळी प्रचारात आली. १९७७ मध्ये झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी अशाच नळीवरील फुग्याने हृदयाची अरुंद झालेली धमनी रुंद केली. आज अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी या नावांनी सर्वांना परिचित असलेल्या प्रक्रियांचे मूळ येथे आहे.

फोर्समान यांनी १९३१ मध्ये जे साधण्याचा प्रयत्न केला, ते म्हणजे जिवंत माणसाच्या हृदयाचे कप्पे स्पष्ट पाहणे, आता शिरेतून हृदयात नळी न घालताही शक्य झाले आहे. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनाच्या साहाय्याने प्रतिमा मिळवण्याची रीत प्रसिद्ध केली. या कार्यासाठी त्यांना आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या तंत्रात क्ष-किरणांचा वापर होत नाही. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील हायड्रोजनच्या अणुकेंद्रांकडून मिळणाऱ्या रेडिओ संदेशांपासून प्रतिमा तयार होते. हृदय सतत हलत असल्याने विद्युत्-हृदयालेखाशी मेळ घालून आणि रुग्णाला श्वास रोखायला सांगून ही चित्रे घेतली जातात.

निलयांचे आकारमान, प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अंश आणि हृदयस्नायूचे वस्तुमान मोजण्यासाठी ही तपासणी प्रमाणभूत मानली जाते. गॅडोलिनियमयुक्त द्रव्य शिरेतून दिल्यावर सुमारे दहा ते वीस मिनिटांनी घेतलेल्या चित्रांत व्रणयुक्त स्नायू उजळ दिसतो, कारण तेथून हे द्रव्य सावकाश निघून जाते. हृदयविकाराच्या झटक्यातील व्रण स्नायूच्या आतील थरापासून सुरू होतो. स्नायूच्या दाहात किंवा इतर स्नायुविकारांत तो बहुधा वेगळ्या जागी आढळतो. त्यामुळे हृदय अशक्त होण्याचे कारण ओळखण्यास मदत होते. व्रण स्नायूच्या संपूर्ण जाडीत पसरलेला असेल, तर रक्तपुरवठा पूर्ववत केल्यावरही तो भाग सुधारण्याची शक्यता कमी असते. थॅलेसेमियाच्या रुग्णांना वारंवार रक्त द्यावे लागल्याने हृदयात साचणारे लोहही या तपासणीत मोजता येते. ‘टी-टू-स्टार’ हे मान २० मिलिसेकंदांपेक्षा कमी असल्यास हृदयात लोह साचल्याचे समजतात आणि १० पेक्षा कमी असल्यास हृदय अकार्यक्षम होण्याचा धोका मोठा असतो. जन्मजात हृदयदोष असलेल्या मुलांना वारंवार तपासणी करावी लागते. त्यांना किरणोत्सर्गाविना होणारी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

तथापि या तंत्राने नळीची गरज पूर्णपणे संपलेली नाही. चुंबकीय चित्रांतून रक्ताचा वेग आणि आकारमान मोजता येते, परंतु हृदयाच्या कप्प्यांतील दाब प्रत्यक्ष मोजण्यासाठी नळीच लागते. फुप्फुस धमनीतील उच्च रक्तदाबाचे निश्चित निदान आजही उजव्या हृदयात नळी घालूनच केले जाते. हृदयाच्या बारीक धमन्यांतील अडथळा दाखवण्यात आणि तो तेथेच दूर करण्यातही नळीचे स्थान कायम आहे. शरीरात काही प्रकारचे गतिनियामक यंत्र असलेल्या किंवा मूत्रपिंडे गंभीररीत्या निकामी झालेल्या रुग्णांमध्ये चुंबकीय तपासणी व तिच्यातील द्रव्य वापरताना विशेष काळजी घ्यावी लागते. यामुळे अनेक रुग्णांमध्ये दोन्ही पद्धती परस्परांना पूरक म्हणून वापरल्या जातात.

एबर्सवाल्डे येथील ज्या रुग्णालयात हा प्रयोग झाला, त्याला आता वेर्नर फोर्समान यांचे नाव देण्यात आले आहे.